दहा सेकंदांत घर पाडा

आमच्या नात्यात मला 'कार्टूनवाला' म्हणतात. थोरली आत्या नव्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आवाज जरा खाली आणते. "हा आमच्या धाकट्याचा. हुशार होता. आता लातूरला कार्टून काढतो." पाहुणेही मग सुतकात भेटायला आल्यासारखी मान हलवतात.

मी कार्टूनसुद्धा काढत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. चित्रकलेची पदविका आहे माझ्याकडे, पण मी काढलेल्या गाईला गावाकडची माणसं म्हैस म्हणतात, आणि तेही चाचरत. म्हणून मेहुण्यानं, दिलीपनं, लातूरला कंपनी काढली तेव्हा मला काढणाऱ्यांत न बसवता निवडणाऱ्यांत बसवलं. "दाजी, तुम्हाला काढता येत नाही, पण काढलेलं कुठं बिघडलंय ते बरोबर दिसतं," तो म्हणाला. बायकोच्या भावाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

कंपनी म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लातूरला तेव्हा क्लासचा पूर आला होता. आमच्या खालच्या मजल्यावर फिजिक्स, त्याच्या खाली केमिस्ट्री, शेजारी मेस, मेसच्या वर हॉस्टेल. प्रत्येक क्लासला शेजारच्या क्लासपेक्षा काहीतरी जास्त हवं असायचं, आणि त्या वर्षांत ते जास्तीचं म्हणजे पडद्यावरचं हलतं चित्र. धडधडणारं हृदय, फिरणारे ग्रह, फुटणारा ज्वालामुखी. ते आम्ही करून द्यायचो. गिऱ्हाईकही एकेक नग. एका गणिताच्या सरांना काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर आपला हसरा फोटो हवा होता. "कर्ण सगळ्यात मोठा असतो ना?" त्यांनी मलाच विचारलं. त्यावर काय बोलणार? लावला.

अडचण होती ती माणसांची. मल्टिमीडियाचे सहा महिन्यांचे कोर्स गल्लोगल्ली निघाले होते. मुलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि आपल्या कामाची सीडी घेऊन यायची. सुरुवातीला मी सीडी बघून माणसं घेतली. एकदा तीन वेगवेगळ्या मुलांच्या सीडीवर एकच डायनासोर निघाला, तेव्हा थांबलो. मग नियमच केला: येणाऱ्यानं आमच्या मशीनवर, आमच्यासमोर, तासाभरात काहीतरी हलवून दाखवायचं. प्रमाणपत्र पिशवीतच ठेवायचं.

पहिली टेस्ट होती उसळणाऱ्या चेंडूची. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. पण चेंडू वर जाताना दमत जातो, टोकाला क्षणभर रेंगाळतो, खाली येताना वेग घेतो, टेकताना किंचित चपटा होतो. एकेक सेकंद बारीक बारीक चित्रांनी भरायचा असतो. त्यातली चित्रं कुठं दाटीनं ठेवायची आणि कुठं विरळ, हे ज्याला उमगलं त्याला वजन उमगलं. वजन उमगलेल्या माणसाला पुढं हृदय, ग्रह, सगळं शिकवता येतं.

एकाचा चेंडू वर गेला तो आलाच नाही. "सिक्स, सर," तो म्हणाला. एका मुलाबरोबर त्याची आई आली होती. ती त्याच्या पाठीशी उभी राहून "आता टाक खाली, आता टाक" म्हणत होती. मुलाचं काही खरं नव्हतं, पण आईचं टायमिंग उत्तम होतं. तिलाच घ्यावं असं माझ्या मनात येऊन गेलं.

मग नांदेडहून येणाऱ्या मुलामुलींचे चेंडू एकाएकी फार छान उसळायला लागले. फक्त तिसऱ्या उसळीला प्रत्येकाचा चेंडू हवेत एक झटका खायचा, रस्त्यात कुणी ओळखीचं दिसल्यासारखा, आणि मग पुढं जायचा. मला वाटलं, आमचं मशीनच बिघडलंय. तेवढ्यात रेहाना आली. नांदेडची मुलगी, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, स्वभाव फटकळ. तिच्याही चेंडूनं झटका खाल्ला.

"हा झटका कशाला?" मी विचारलं.

"तो द्यावा लागतो ना सर."

"कुणी सांगितलं?"

"क्लासमधे."

"कसला क्लास?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुमच्या टेस्टचा. दोन महिन्यांची बॅच हाय."

दिलीपनं खुर्चीवरून उठून माझा हात हातात घेतला. "दाजी, आपण मोठे झालो! आपल्या टेस्टचा क्लास निघाला!"

त्याचंही खरं होतं. आमच्या भागात ज्याची परीक्षा असते त्याचा क्लास निघतो. उद्या यमानं तोंडी परीक्षा ठेवली तर त्याचीही क्रॅश बॅच सुरू होईल. पण मला हसू येईना. चेंडू पाठ करून आलेली दोन पोरं आम्ही आधीच घेऊन बसलो होतो. चेंडूखेरीज त्यांना काही हलवता येत नव्हतं. त्यांनी केलेलं हृदयसुद्धा उसळायचं, आणि तिसऱ्या ठोक्याला झटका खायचं. ते हृदय पाहून जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "या पेशंटला आधी सोलापूरला हलवा."

टेस्ट बदलणं भाग होतं. त्याच सुमारास भूगोलाच्या एका सरांकडून भूकंपाच्या धड्याचं काम आलं. मी विचार केला, हेच टेस्टला देऊ. कामाचं काम, परीक्षेची परीक्षा. कागदावर मीच लिहिलं: 'आपल्याकडचं माळवदाचं घर. भूकंप येतो. दहा सेकंदांत घर पाडा.'

माळवद ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर वर्षानुवर्षं थर देत आणलेली माती. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पोरं पतंग उडवायला, बाया पापड वाळवायला वर जायच्या. एवढं वजन डोक्यावर घेऊन आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या निवांत झोपत आली.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी लातुरात होतो, पत्र्याच्या भाड्याच्या घरात. जमीन हलली तसा मी धावत रस्त्यावर आलो. आईनं विचारलं, "ताईला उठवलंस का?" मी बघितलं तर माझ्या काखेत उशी होती. ताई माझ्या आधीच बाहेर येऊन उभी होती. अजून दर राखीपौर्णिमेला ती ओवाळताना विचारते, "उशी बरी आहे का?" यावर सगळं घर हसतं, मीही हसतो. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांबरोबर टेम्पोत बसून मी किल्लारीच्या बाजूला गेलो. तिथं काय पाहिलं ते मी घरात सांगितलेलं नाही आणि इथंही सांगत नाही. टेस्टपुरतं एवढंच, की घरं आडवी झालेली नव्हती. होती तिथंच खाली गेली होती. गल्ली कुठली आणि घर कुठलं, ते कळत नव्हतं.

म्हणून माझा गुणांचा तक्ता साधा होता. छताचं वजन दिसलं पाहिजे, घर जागच्या जागी खाली आलं पाहिजे, धूळ मागाहून उठली पाहिजे.

नांदेडच्या मुलांची घरं मात्र आडवी पडायला लागली. उसानं भरलेली ट्रॉली कलंडावी तशी, सगळी उजवीकडं. माळवद कुठलं? उतरती लाल कौलं. रेहाना दुसऱ्यांदा आली तर तिचंही तेच.

"पाडलं की सर घर," ती म्हणाली.

"असं कुठं पडतं? माळवद बघितलंयस का कधी?"

"चाकूरला नानीच्या घरी होतं. मी सरांना बोलले पण, नानीचं घर असं नव्हतं म्हणून. ते म्हणाले, असंच काढ."

हे सर कोण, ते एकदा बघावंच म्हणून मी नांदेड गाठलं. स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. बाहेर पाटी: 'लातूर टेस्ट – खात्रीशीर तयारी'. आत दहा-बारा जुने कॉम्प्यूटर, प्रत्येकापुढं एक पोरगं, प्रत्येक पडद्यावर उजवीकडं कलंडणारं घर. मागून फिरणारा माणूस मला बघून जागीच थांबला. किरकोळ अंगाचा, पंचविशीतला.

"सर? ओळखलं का? बालाजी. दोनदा नापास केलंय तुम्ही मला."

ओळखलं. एकदा त्याला वेळ पुरला नव्हता आणि दुसऱ्यांदा चेंडूनं झटका खाल्ला होता. मूळ झटका त्याचाच निघाला.

"माझ्या माऊसची वायर सैल हाय सर," तो खाली बघत म्हणाला. "तिसऱ्या उसळीला हात अडकायचा, हाताला तीच सवय लागली. पोरांनी तसंच पाठ केलं."

"मग सांगायचं नाही का त्यांना?"

"सांगितलं की. म्हनले, सर, तुमच्या नोट्समधी तसंच हाय."

पोरं फिदीफिदी हसली. रेहाना पुढच्या बाकावरून म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या सरांनाच घेऊन टाका ना. आमचं आम्ही बघू."

बालाजी हसला नाही. मला घेऊन तो खाली चहाच्या गाड्यावर आला. "ती पोरगी बोलली ते खरं हाय सर. तुमची टेस्ट हाय तवर माझा क्लास. तुम्ही कागद बदलला की पोरं कमी होतात. मला एक कायमची नोकरी पाहिजे. मावशी म्हणती, दुसऱ्याला पास करून राहिला आन् सोता नापास होतो, असला कसला मास्तर तू?"

"या की मग टेस्टला. चेंडू आता नाही, घर आहे. फक्त ते असं आडवं पाडू नका."

"माहीत हाय सर."

"काय माहीत आहे?"

"घर असं पडत न्हाई." त्यानं कप गाड्यावर ठेवला. "पडतच न्हाई. बसतंय. पडलं म्हंजी बाजूला गेलं. बसलेलं घर बाजूला जात न्हाई सर."

मी गाव विचारलं. किल्लारीच्या बाजूचंच निघालं. भूकंपानंतर मावशीनं त्याला अर्धापूरला आणलं. मावशीचा नवरा केळीच्या बागांत कामाला होता. तिथंच तो वाढला.

"आणि घरचे?"

"मीच."

गाड्यावाल्यानं न मागता आणखी दोन कप भरले. मी विचारलं, "मग माहीत असून पोरांना आडवं का शिकवता?"

"पोरं रोज तेच करत बसतात सर. दहा-बारा पडदे, आन् मला मागनं फिरावं लागतंय. आडवं पडलेलं बघवतंय."

लातूरला येऊन मी दिलीपला म्हटलं, याला टेस्टशिवाय घेऊ. दिलीप माझ्याहून मऊ मनाचा आहे, पण धंद्यात तो त्याच्या बहिणीसारखा आहे. "दाजी, आज तुम्ही एकाला तसं घ्याल. उद्या कुणाचा तरी भाचा चिठ्ठी घेऊन येईल, त्याला काय सांगणार? आणि काम कुठलं आलंय? भूकंपाचंच ना? जो येईल त्याला तेच घर करावं लागणार. टेस्टमधून सोडवाल, कामातून कसं सोडवाल?"

तो चुकत नव्हता. टेस्टही चुकीची नव्हती. मी बालाजीला टेस्टची तारीख कळवली.

बालाजी ठरल्या दिवशी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, दुसरं काही देतो, चेंडू देतो. तो म्हणाला, "नको सर. पोरं विचारतील, कशात पास झाला म्हणून."

अर्ध्या तासात त्यानं घर उभं केलं. तसं घर आमच्या कंपनीत कुणी काढलेलं नव्हतं. दगडाचा उंबरा, दाराशेजारी दिव्याची देवळी, माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या. मग त्याचा हात थांबला. इतर मुलं काम संपवून गेली. त्याचं घर उभंच होतं. त्यानं पाणी मागितलं, ते पिऊन मला जवळ बोलावलं.

"सर, आधी कुठला कोपरा बसवू?"

"तुम्हाला माहीत आहे तसं करा."

"तीच तर अडचण हाय." तो पडद्याकडे बघत होता. "मला आतून माहीत हाय. भाईरून कसं दिसतंय ते मी बघितलेलंच न्हाई."

मी बाहेरून पाहिलं होतं. सांगता आलं असतं, हा कोपरा आधी, मग ती भिंत. पण मी म्हटलं, "मग आतून करा."

त्यानं उरलेल्या वेळात काम पुरं केलं, फाईल ठेवली आणि बाहेरच्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसला. दिलीप आणि मी ती फाईल उघडली. तुळया दिसल्या. दोन तुळयांच्या मधून मातीची बारीक धार गळायला लागली. मग पडदा काळा झाला.

दिलीपनं कळ दाबून बघितली. "दाजी, फाईल खराब झाली वाटतं."

"नाही. चालू आहे."

तो थांबला. पडद्याच्या तळाशी वेळेचा काटा सरकत होता. काळ्या पडद्यावर काहीच नव्हतं, आवाजही नव्हता. दहा सेकंद म्हणजे किती, हे मला इतके दिवस टेस्ट घेऊनही ठाऊक नव्हतं. काटा टोकाला पोचला तसं दिलीपनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पुन्हा शेवटपर्यंत बघितलं.

"मार्क किती देताय?" त्यानं विचारलं.

"घर पडताना दिसतच नाही. माझ्या तक्त्याप्रमाणं शून्य."

"बरोबर आहे. शून्यच." तो उठला आणि बाहेरच्या खोलीत गेला. मला आतून त्याचा आवाज ऐकू आला. "बालाजीराव, नव्या पोरांना कामाला लावायच्या आधी शिकवायला आम्हाला माणूस पाहिजे. याल का? माऊस चांगला देतो."

"म्हंजी मी पास?"

"नाही. टेस्टला नापासच. पण कामाला घेतलंय."

बालाजी मग म्हणाला, "मावशीला काय सांगू?"

"नोकरी लागली म्हणा. मार्क विचारले तर माझा नंबर द्या."

नांदेडचा क्लास त्यानं बंद केला. पाठोपाठ रेहानालाही आम्ही घेतलं; झटका काढल्यावर तिचा चेंडू कुणाहूनही सरस होता. भूकंपाचं घर तिच्याकडं दिलं. मी शेजारी बसून सांगत गेलो आणि तिनं ते जागच्या जागी खाली बसवलं. मधेच एकदा ती म्हणाली, "सर, थोडं थांबू या," आणि उठून गॅलरीत गेली. त्या दिवसांत बालाजी पलीकडच्या खोलीत पोरांना चेंडू शिकवत असायचा. आमच्या खोलीत तो आला नाही. आम्हीही बोलावलं नाही.

भूगोलाचे सर पाहायला आले. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय हो? घर होतं, घर नाही. मशीन हँग झाल्यासारखं वाटतंय. पोरांना भूकंप कळला पाहिजे, मजा आली पाहिजे. हलवा जरा, डावीकडं-उजवीकडं करा आणि मग आडवं पाडा. कौलं-बिलं उडू द्या."

"सर, आपल्याकडं असं झालं नव्हतं," मी म्हणालो.

"अहो, आपल्याकडचं कोण विचारतंय? पेपर सगळ्या राज्याचा असतो."

रेहानानं आडवं पडणारं घर जेवणाच्या सुट्टीच्या आत करून दिलं. तिला ते पाठच होतं. सर खूश झाले. तो धडा पुढं कितीतरी क्लासमध्ये लागला. आमच्या कंपनीचं सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं काम तेच.

त्या दिवाळीत बालाजी फराळाला घरी आला. माझी मुलगी नववीत होती. दिवाळीच्या सुट्टीचा भूकंपाचा तक्ता करायचा म्हणून ती बैठकीत कार्डशीट पसरून बसली होती. धडा तिच्याही क्लासमध्ये दाखवून झाला होता.

"काका, ते घरवालं तुमच्याच कंपनीचं आहे ना?" तिनं विचारलं. "मग मला सांगा, घर असं तिरकं पाडू की सरळ खाली आलेलं दाखवू? आजी म्हणते, तसलं तिरकं काही नसतं."

मी दिवाणावरून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"क्लासमधी कसं दाखवलं?" बालाजीनं विचारलं.

"तिरकं. उजवीकडं."

"मग तसंच काढ बाळा. मार्क त्यालाच हायेत."

तिनं पट्टी लावून तिरकं घर काढलं, कौलं रंगवली. बालाजी चकली खात बघत होता.

"आणि माणसं कुठं दाखवू?"

त्यानं चकली ताटात ठेवली. "माणसं भाईर काढ."

"सगळी?"

"सगळी. म्हातारी माणसं बी. जनावरं बी."

तिनं पेन्सिलीनं मोजमाप करून बघितलं आणि ओठ काढले. "काका, कागदावर एवढी जागाच उरत नाही."

"मग घर लहान काढ," तो म्हणाला.